भट्टी तथास्तु म्हणते

३ मार्च

ठिणगे,

आशीर्वाद शेवटी, उरले तर. आधी भांडण.

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "ताई, पेशंट समोर बसलाय" म्हणतेस, मी "बरं बरं" म्हणते आणि आपलं वर्षभराचं बोलणं संपतं. म्हणून कागद घेतला. कागदासमोर पेशंट बसलेला नसतो. शिवाय पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा फायदा वेगळाच.

मुद्द्याचं सांगते. आईचे डोळे चाललेत. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हे दुखणं निराळं आहे. नजरेच्या मधोमध डाग पडलाय आणि तो पसरतोय. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे थांबवता येत नाही, फार तर थोडं लांबवता येईल. वर्ष सरता सरता माणसं आवाजावरूनच ओळखावी लागतील. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माणसाचे कान दिसणार आणि तोंड नाही दिसणार? चालेल की. काहींची तोंडं न बघितलेलीच बरी." डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसले. येताना बसमध्ये मात्र ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. उतरायच्या आधी म्हणाली, "धाकटीला एकदा डोळे भरून बघून घ्यायचं होतं."

म्हणून म्हणते, ये. तिला दिसतंय तोवर ये. बाबा गेले आणि आठवड्याच्या आत तू बॅग भरलीस, ती गेलीसच. तुला पाववाल्याची मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटते, अशी मी माझी समजूत करून घेतली. आई म्हणते तसं नाही, पोरीचं काहीतरी दुखतंय. आई कायमच तुझी वकील. मी कुणाची अशील होते ते मला अजून कळलेलं नाही.

बेकरी चालू आहे. तुझे भावोजी बस चालवून निवृत्त झाले, आता सकाळी पाव पोचवतात आणि जाता येता वळणावर हॉर्न वाजवतात, सवयीने. हाताखाली एक बाई ठेवली आहे. परवा तिने विचारलं, "मागच्या दारचा तो बाक कशाला हो? त्यावर कुणी बसत तर नाही." मी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता हातातलं फडकं तसंच राहिलं.

काय सांगितलं म्हणतेस? हेच, की आमच्या बाबांचा नियम होता, रागात असेल त्याने पिठाला हात लावायचा नाही. उठायचं, मागच्या दाराने बाहेर जायचं आणि बाकावर बसायचं. हात गार होईपर्यंत. ओरडा नाही, शिक्षा नाही, नुसतं बोट दाखवायचे. "पिठाला सगळं कळतं," म्हणायचे. "घर तथास्तु म्हणतं असं लोक सांगतात. घराचं मला ठाऊक नाही, पण भट्टी म्हणते. मनात कडू असेल तर कडू घेऊन भट्टीपुढे उभं राहू नका." मैदावाल्याशी वाजलं की ते स्वतःही जाऊन बसायचे, ओठ आवळून, टोपी गुडघ्यावर ठेवून. आईही बसायची. मी कधीमधी. आणि तू! तुझी तर तिथे कायमची जागा. ठिणगी नाव काय उगाच पडलं? शाळेतून यायचीस तीच कुणाशी तरी भांडून, दप्तर टाकलं की थेट बाक.

त्या बाईला मी हेही सांगितलं, की तो बाक भट्टीच्या पाठच्या भिंतीला टेकून आहे आणि भिंत दिवसभर कोमट असते. थंडीच्या दिवसांत तर आपण दोघी मुद्दाम भांडायचो, आठवतं? एकीचा राग खरा, दुसरीचा उसना. पाठ शेकत बसायचं, आतून भाजल्या पावाचा वास यायचा, आणि कशावरून चिडलो होतो ते आठवायला लागायचं. मग बाबा आतून विचारायचे, "झाले का हात गार?" तू ओरडायचीस, "नाही!" आणि तुझंच तुला हसू यायचं.

मला ते दिवस हवेत. मिळणार नाहीत, कळतं. पण तू तरी ये.

तुझी,
ताई

२९ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र आलं. सहा-सात ओळींचं. मी ते गल्ल्यावर उभी राहूनच वाचलं आणि घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांनी मागितला पाव, मी त्यांच्या हातात बिस्किटं ठेवली. तेही बिचारे घेऊन गेले.

तू लिहितेस, "ताई, मला येता येणार नाही. त्या दिवशी बाकावर बसून मी म्हटलं होतं, मरा एकदाचे. मनातल्या मनात, पण अगदी मनापासून. पाठीला भट्टीची ऊब लागत होती. भट्टी काय म्हणते ते तुला माहीत आहे. त्यानंतर ट्रे पडल्याचा आवाज आला. मी त्या घरात पाऊल कसं ठेवू? आईच्या समोर कशी बसू? आईला सांगू नकोस."

अगं वेडे.

वरच्या ओळीनंतर दोन गिऱ्हाइकं झाली, एक घाणा भाजून निघाला.

मला तो दिवस आठवतो. तुला मनाचं शास्त्र शिकायला बाहेर जायचं होतं, प्रवेशाची पत्रं येऊन पडली होती, आणि बाबा म्हणाले, "मनाचं शिकायला एवढ्या लांब कशाला? इथे उभी राहा, सगळ्या गावाची मनं सकाळी पाव न्यायला येतात." ते चेष्टेत बोलले, की खरंच, ते तेव्हाही कळलं नाही. तू पिठाचा गोळा फळीवर आपटलास. बाबांनी बोट दाखवलं. एवढी मोठी झालेली तू, नोकरीला लागण्याच्या वयाची, तरी मुकाट्याने गेलीस. मी साचे घेऊन पुढे दुकानात गेले आणि त्यांना तेल लावत बसले. थोड्या वेळाने तो आवाज आला. मला वाटलं नेहमीसारखा ट्रे निसटला असेल; बाबाच पडले असतील असं मनातही आलं नाही.

आता माझं ऐक. बाबांचं हृदय आधीपासून दुखत होतं. डॉक्टरांनी त्यांना पोती उचलायला बंदी केली होती, ती त्यांनी आईला सांगितली आणि आईकडून शपथ घेऊन आपल्यापासून लपवली. मैद्याच्या डब्यामागे त्यांच्या गोळ्या असायच्या. जिने चढताना मध्येच थांबून भिंतीवरचा पोपडा तपासायचे ना, तो पोपडा नव्हता, तो दम होता. माणूस त्याच्या दुखण्याने गेला. तुझ्या मनात काय आलं, याचा त्याच्याशी काय संबंध? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. तुझं मन तर वैऱ्याच्याही वरचढ निघालं.

हे सगळं लिहिलं, घडी घातली आणि पुन्हा उघडली. कारण मला एक अडचण दिसली आणि ती तुलाही दिसणारच, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

बाबा खोटं बोलत नव्हते, असं मला वाटतं. मी अजूनही रागात पिठाला हात लावत नाही. ते म्हणायचे ते खरं असेल, तर तू म्हणतेस तेही खरं होतं. आणि तुला सोडवायचं असेल तर मला म्हणावं लागेल, की बाबा भोळे होते, पिठाला काही कळत नाही, भट्टी म्हणजे विटा आणि माती. म्हणजे तू हवी असशील तर बाबांना सोडायचं, आणि बाबा हवे असतील तर तुला.

मला दोघं हवेत. काय करायचं ते कळलं की लिहीन. आईला सांगितलेलं नाही.

ताई

१७ एप्रिल

ठिणगे,

मी ठरवलं, तू हवीस. बाबांना काय, ते मला माफ करतील. तुझं सांगता येत नाही.

तेव्हा मी त्यांचा नियम मोडायचा ठरवला. एक घाणा शांतपणे मळायचा, एक रागात मळायचा. दोन्हींना एकच मैदा, एकच खमीर, एकच भट्टी. रागाचा पाव नीट झाला की विषय मिटला, तुला तसं कळवायचं. तू करतेस तसा प्रयोगच म्हण ना. तुझ्या भावोजींना सांगितलं तर म्हणाले, "रागाचा घाणा तुला अवघड नाही जायचा." मी म्हटलं, थांबा, तुमच्यापासूनच सुरू करते.

पण राग मागून येत नाही गं! गरज नसते तेव्हा दारात उभा, आणि बोलावलं की पत्ता नाही. मी परातीपुढे उभी राहून विजेच्या कचेरीतला तो माणूस आठवला, ओला टॉवेल गादीवर टाकणारे भावोजी आठवले, मला शाळेत "पावट्या" म्हणणारी ती लांब वेणीवाली आठवली. नुसतं हसू येत होतं. शेवटी तू आठवलीस. आईला ताप भरला होता तेव्हा मी तुला तीनतीनदा फोन लावला होता, तो वाजत राहिला होता, ते आठवलं. मग आला. असा आला की मी ते पीठ कसं तिंबलं ते मलाच ठाऊक. खांदे भरून आले. कामाची बाई लांब जाऊन उभी राहिली.

नंतर हात धुतले, बाकावर जाऊन बसले, आणि दुसरा घाणा घेतला. त्यालाही तुलाच आठवलं. तू लहान, मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर झोपलेली, पापण्यांवर पीठ, बाबा तुला ओलांडून ट्रे नेतायत आणि पायाने पोतं नीट करतायत. हे आठवून मळलं. त्याला वेळ लागला, कारण मध्येमध्ये डोळे पुसायला लागत होते आणि पिठाचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत.

आता काय झालं ते सांगते. सांगू नये असं वाटत होतं, पण मी तुला कधी फसवलेलं नाही.

रागाचा पाव उंच फुगला. साच्याच्या वर डोकं काढून, ऐटीत. शांत पाव नेहमीसारखा. मी टाळी वाजवली. म्हटलं, जिंकलो! बाबा, हरलात! आईला बाकी काही न सांगता दोन तुकडे दिले. तिने पहिला खाल्ला, "छान" म्हणाली. दुसरा तोंडात घातला आणि माझ्याकडे तिच्या त्या नव्या पद्धतीने बघितलं, मान थोडी वळवून, कडेच्या नजरेने. "कुणावर चिडली होतीस?"

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मीठ कुठाय ह्यात?"

मीठ नव्हतं, ठिणगे. मी मीठ घालायलाच विसरले होते. मीठ नसलं की खमिराला लगाम राहत नाही, पाव भसाभस फुगतो. दिसायला राजा आणि चवीला कापूस. म्हणजे बघ, मी बाबांना खोटं पाडायला गेले आणि त्यांनाच खरं करून आले.

पण त्या संध्याकाळी साचे घासताना मला एक सुचलं, आणि ते तुला सांगण्यासाठीच हे पत्र. राग पिठात गेला हे खरं. पण कुठून गेला? माझ्या हातातून गेला. माझा हात मिठाच्या बरणीकडे वळलाच नाही, म्हणून गेला. हवेतून उडत जाऊन नाही बसला. मी तोच राग घेऊन बाकावर बसले असते तर त्या पिठाला कळलंही नसतं. आणि त्या दिवशी तुझे हात कुठे होते? मांडीवर. तू बाबांनी सांगितलं तेच केलंस, कडू मन घेऊन बाहेर गेलीस.

मला वाटतं, हे बरोबर आहे. तुला पटलं का, लिही. आई रोज म्हणते, पोस्टमन कडेच्या नजरेत नीट दिसतो, पण त्याच्या हातात काही आहे का ते तूच बघ.

ताई

६ मे

ठिणगे,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या अक्षराला काय झालंय? पूर्वी मुंग्यांची रांग असायची, आता मुंग्या पळून चालल्यात.

लिहितेस ते समजलं. म्हणजे, अर्धं समजलं. "ताई, तुझं हातांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी रोज जवळजवळ हेच सांगते. विचार म्हणजे कृती नव्हे. तो आला म्हणजे आपण केला असं नाही. माणसाला दुःख सोसवत नाही तेव्हा तो अपराध पत्करतो, कारण अपराधात निदान आपल्या हातात काहीतरी होतं असं वाटतं. ह्यावर मी व्याख्यानं दिली आहेत. लोक रडतात आणि मोकळे होऊन जातात. मी दिवा बंद करून घरी येते, पाठ खुर्चीला टेकते, आणि पाठीला ऊब लागते. डोक्याला पटलंय गं. पाठीला पटत नाही."

डोक्याशी भांडता येतं, पाठीशी कसं भांडणार? मी ते पत्र एप्रनच्या खिशात ठेवून दिवसभर हिंडले.

आणि आता तू चिडणार आहेस, तेव्हा आधी बसून घे. आईला कळलं.

मी सांगायला गेले नव्हते. तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवते, तिला अक्षर लागत नाही. पहिल्या पत्रातलं मी "कामं फार आहेत, बघते" असं काहीतरी बनवून वाचलं होतं. ह्या वेळी वाचता वाचता मधला भाग गिळला आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. आई म्हणाली, "माझे डोळे गेलेत, कान नाहीत. दोनदा आवंढा गिळलास. काय गाळलंस ते वाच." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "ताई, मी तुझी आई आहे. वाच." ती मला ताई म्हणते तेव्हा मला पळवाट नसते.

मी वाचलं. दोन्ही पत्रांतलं. वाचताना तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मला वाटलं, आता ही कोसळणार. चहाचा कप तिच्या हातात होता, तो आधी काढून घ्यायला हवा होता असंही वाटून गेलं.

वाचून झालं. मग ती म्हणाली, "एवढंच?"

आणि हसायला लागली. ठिणगे, मी तुला कसं सांगू, ती अशी हसली की चहा सांडला. मी धावले, मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. तिला बोलता येईना. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगं, मी तर ह्यांना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मारलं होतं! त्याच बाकावर बसून! नंतर महिन्याला एकदा तरी ठरलेलं. कधी पाण्यात बुडवलं, कधी बसखाली घातलं. एकदा तर त्या लांब दांड्याच्या फावड्यावर आडवं घालून सरळ भट्टीत सरकवलं होतं, बिस्किटांच्या ट्रेशेजारी."

"आई!"

"आई काय आई? त्यांना काही झालं का? वजन वाढलं त्यांचं. आणि ते बसायचे तेव्हा काय माझे गोडवे गात बसायचे? मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, 'आज तुला माहेरी पाठवून दार लावून घेतलं, आतून कडी.' म्हणूनच तर बाक होता. जे पिठापुढे मनात आणायचं नाही ते आणायला एक जागा नको? माणसाला मन आहे, ते कुठेतरी सांडणारच. बाहेर सांडा म्हणायचे."

मी म्हटलं, "पण आई, भट्टी तथास्तु म्हणते ना?"

तेव्हा ती हसायची थांबली. म्हणाली, "तथास्तु म्हणणारा काय हॉटेलातला वेटर आहे, तुम्ही चिडून काहीही सांगा आणि त्याने आणून टेबलावर ठेवावं? त्याला अक्कल असते गं. पोर मागतंय, की नुसतं चिडून ओरडतंय, एवढं आईला कळतं. तू मला तापात म्हणाली होतीस, तू मला नकोस, दुसरी आई आण. मी गेले का उठून? मग मला जे कळतं ते देवाला कळणार नाही? तो काय माझ्यापेक्षा बिनडोक आहे?"

ती नेहमी करते तसे तिने त्याला हात जोडले, आणि मग तिचा चेहरा बदलला. मला वाटतं तेव्हा कुठे तिला सगळं उमगलं. म्हणाली, "पोरगी एवढी वर्षं हे पोटात घेऊन एकटी राहिली. आणि मी आपली बसले, तिथे तिला जेवायला कोण घालतं ह्या काळजीत." मग ती रडली. बराच वेळ. मी तिच्याजवळ बसले आणि मीही रडून घेतलं; दुकानात कुणीतरी "आहे का कुणी?" म्हणून हाका मारून निघून गेलं.

आता ती म्हणते, उद्या माझं पत्र तू लिही. मी सांगेन तसं. मध्ये तुझं शहाणपण घालायचं नाही.

ताई

७ मे

ठिणगे,

आई सांगते आहे, मी लिहिते आहे. कंसात माझं काही घालायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.

बाळ, आधी मी तुझ्यावर रागावले आहे. फार. तू मला न विचारता ठरवून टाकलंस की मी तुला दोष देईन. तू बाकीच्यांची मनं वाचतेस म्हणे. माझं नाही वाचता आलं?

त्या दिवशी तू बाहेर गेलीस ना, तेव्हा मी आतच होते. तू आपटलेला गोळा ह्यांनी फळीवरून उचलला, हाताने गोल केला आणि म्हणाले, "माझ्यावर गेलीय कार्टी." आणि हसले. त्याच्यानंतर ते काही बोलले नाहीत. त्यांचं शेवटचं बोलणं तुझ्याबद्दलचं आहे आणि ते हसून बोललेलं आहे. हे मी तुला तेव्हाच सांगणार होते. पण तू माझ्यासमोर उभीच राहिली नाहीस, आणि मला वाटलं, सांगितलं तर पोरीला जास्त लागेल. मग तू गेलीस आणि ते माझ्याजवळच राहिलं.

ताई तुला हातांचं, मिठाचं काय काय लिहीत होती, ते तिने मला काल सांगितलं. ती हुशार आहे, पण ती फार लांबून येते. तुझंही शिकलेलं सगळं बरोबर असेल. तू म्हणतेस डोक्याला पटतं आणि पाठीला पटत नाही. मला डोक्याचं फार कळत नाही. तेव्हा मी तुला माझं सांगते.

मी रोज पहाटे उठते. तोंड धुते, देवाला हात जोडते. त्याला फार त्रास देत नाही, दोन मिनिटं. तेव्हा मी एकच गोष्ट मनात आणते. पुढचं दार वाजतंय, मी उघडते, आणि तू उभी आहेस. हातात बॅग, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर तो कुणाशी तरी भांडून आल्याचा भाव. अगदी स्पष्ट आणते. माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं पुसत चाललंय, पण एवढं अजून पुसलेलं नाही. मग मी भट्टीशी जाऊन उभी राहते आणि तिथेही तेच मनात आणते. राग नसतो त्यात, कडू नसतं, हात गार असतात. बाबांनी सांगितलं होतं तसंच, मन स्वच्छ करून. तू गेलीस त्या दिवसापासून एक दिवस चुकलेला नाही. ताप होता त्या दिवशी निजून केलं.

आणि तू आली नाहीस.

मग आता मला सांग. माझं रोजचं, एवढ्या वर्षांचं, जीव ओतून मागितलेलं भट्टीने ऐकलं नाही. आणि तू रागात एकदाच काहीतरी म्हणालीस, तेवढं तिने ऐकलं? हा कुठला न्याय झाला? तुझा विचार माझ्याहून भारी आहे का?

नाही, बाळ. विचाराला पाय नसतात. माझ्या विचाराला तर नाहीतच, म्हातारा झालाय तो. तो तुझ्या दारापर्यंत आला असेल, बाहेर उभा राहिला असेल, पण तुला उचलून इथे आणणं त्याला जमलं नाही. त्याला तुझे पाय लागतील.

मला चेहरे अजून थोडे थोडे दिसतात. कडेने, मान वळवून.

ये.

आई